यादीत न लिहिलेला बदल

कल्पनाबाई,

तुमचे जन्मगाव, शिक्षण, मागे राहिलेली माणसे हे सर्व इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्या छायाचित्राखाली येईल. ते काम दुसऱ्यांकडे आहे. मी फक्त एका उत्तराविषयी लिहिणार आहे. चार वर्षांपूर्वी लाभपाचमीच्या दिवशी तुम्ही मला एक साधा प्रश्न विचारलात आणि मी त्याचे खोटे उत्तर दिले. त्या उत्तरामुळे एक ठपका तुमच्या नावावर बसला. तुमच्या हयातीत मी तो काढला नाही. तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले.

अठरा वर्षे आपण सुरतेत, उधन्याच्या एकाच कचेरीत बसलो. तुम्ही माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान, तरी मी तुम्हाला अहोजाहो केले. आता त्यात बदल करणे शोभणार नाही. तुम्ही मात्र पहिल्याच आठवड्यात मला ‘नाना’ म्हणू लागलात. कचेरीत मी सर्वांचा ‘सर’ होतो, मालकांचा, म्हणजे शेठचा, ‘काका’ होतो. ‘नाना’ म्हणण्याची परवानगी मी दिली नव्हती आणि तुम्ही ती मागितलीही नव्हती. आमच्या खानदेशात वडील माणसाला असेच म्हणतात, एवढे सांगून तुम्ही विषय संपवलात.

आपले काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण. कापड बाजारातले व्यापारी ज्या संगणकप्रणालीवर ऑर्डर घेतात आणि बिले काढतात, ती प्रणाली अखंड चालू ठेवायची. पूर्वी तिची यंत्रे आपल्याच मागच्या खोलीत होती. पंख्यांच्या आवाजावरून मला त्यांची प्रकृती कळे. पुढे सगळे क्लाउडवर गेले, म्हणजे दूरच्या कुठल्या तरी शहरात, दुसऱ्याच्या इमारतीत. यंत्रांची संख्या चाळीस झाली आणि आवाज बंद झाला. तेव्हापासून दर शनिवारी मी एकेका यंत्रात शिरून पाहू लागलो. जागा किती उरली, आदल्या दिवशीच्या माहितीची प्रत निघाली की नाही, कुणाचा प्रवेश काढायचा, कुणाला नव्याने द्यायचा. प्रत्येक कामाच्या पायऱ्या माझ्या वहीत क्रमाने लिहिलेल्या होत्या. मी त्या वहीवर बोट ठेवून काम करीत असे. तुम्हाला त्याचे हसू येई.

“नाना, ही वही हरवली तर कंपनी हरवेल,” तुम्ही एकदा म्हणालात.

“म्हणून ती हरवत नाही,” मी म्हणालो.

मग तुम्ही प्लेबुक आणलेत. ते काय असते हे तुम्ही मला ज्या शब्दांत सांगितलेत, त्याच शब्दांत इथे लिहितो, कारण त्याहून सोपे मला जमणार नाही. “यंत्राला काय करायचं ते सांगायचं नाही, नाना. ते कसं असलं पाहिजे ते यादीत लिहून ठेवायचं. प्लेबुक जाऊन बघतं. तसंच असेल तर हात लावत नाही. नसेल तर तसं करून ठेवतं.” मी विचारले, “आणि चाळीसही ठिकाणी?” तुम्ही म्हणालात, “चाळीसही ठिकाणी. एकदमच.”

पहिला प्रयोग तुम्ही अगदी किरकोळ कामाचा निवडलात. एका नव्या हिशेबनिसाला सगळ्या यंत्रांवर प्रवेश द्यायचा होता. माझा त्यात पूर्ण दिवस जाई. तुम्ही एक आज्ञा दिलीत आणि चहावाला कप ठेवून वळेपर्यंत काम झाले. माझा विश्वास बसला नाही. त्या दिवशी मी चाळीसही यंत्रे हाताने तपासली. एकोणचाळीस ठिकाणी सर्व बरोबर होते. एका ठिकाणी एक नाव चुकीचे आढळले. मी ते तुम्हाला दाखवले, आणि तुम्ही ओठ दाबून हसू आवरलेत. ते नाव तुमच्या नव्या हिशेबनिसाचे नव्हते. दोन वर्षांपूर्वी मीच हाताने टंकलेल्या एका कारकुनाचे होते.

“मशीन थकत नाही, नाना.”

“थकत नाही, म्हणूनच चूक झाली तर ती चाळीस ठिकाणी एका दमात होईल.”

आपला वाद तिथे सुरू झाला आणि तो अखेरपर्यंत मिटला नाही. माझे म्हणणे असे होते की प्लेबुकने कोणताही बदल करण्यापूर्वी थांबावे, काय बदलणार ते दाखवावे आणि माणसाचा होकार घ्यावा. तुमचे म्हणणे असे होते की रोज विचारले तर माणूस न वाचताच होकार देईल, आणि तो होकार नसल्यासारखाच. तुमचे वडील सुरतेतल्याच पर्वत पाटियाकडच्या एका कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवत. त्यांचा दाखला तुम्ही नेहमी देत असा. “माझे बाबा आठ लूम एकटे बघायचे. जिथे धागा तुटला तिथे जायचे. बाकीच्या सातांसमोर उभे राहून, तू नीट चालतोयस ना, असं विचारत बसले असते तर वारभर कापड निघालं नसतं.” मी म्हणे, “धागा तुटला तर जबाबदार कोण, ते तरी ठाऊक होते. इथे जबाबदार कोण?” तुम्ही म्हणत असा, “ज्याने लिहिलं तो. यादीतल्या बदलापुढे ज्याचं नाव, त्याची जबाबदारी. हाताने काम करणाऱ्याचं नाव कुठे राहतं?”

जबाबदारीविषयी मी बरेच बोलत असे. आता मूळ गोष्टीकडे येतो.

दिवाळीत बाजार बंद असतो. आपल्या विभागातली माणसे गावी जातात. तुम्ही अमळनेरला जात असा, मी घरीच असे. लाभपाचमीला दुकाने उघडतात आणि मुहूर्तावर पहिले बिल निघते. वर्षाची सुरुवात त्या बिलाने व्हायची, हे सुरतेत कुणाला सांगावे लागत नाही. त्या वर्षी भाऊबिजेच्या दिवशी साडीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा मला घरी फोन आला.

“काका, पांचमनुं मुहूर्त नवी दुकाने राख्युं छे. त्यां कॉम्प्युटर चालशे ने?”

नव्या दुकानाचा इंटरनेटचा पत्ता नवा होता. आपली यंत्रे फक्त ओळखीच्या पत्त्यांनाच आत घेत. म्हणजे नव्या पत्त्यासाठी दार उघडायचे होते. योग्य रीत अशी होती की तो पत्ता यादीत लिहावा आणि तुमचे प्लेबुक चालवावे. लिहायला फार तर पाच मिनिटे लागली असती. मी थेट यंत्रात शिरलो आणि हाताने दार उघडले. दोन मिनिटे लागली. व्यापाऱ्याने तपासले आणि सगळे चालू असल्याचे कळवले.

यादीत मी का लिहिले नाही, याचे उत्तर मी स्वतःला बरीच वर्षे देत आलो की तुम्ही गावी होतात, तुम्हाला त्रास नको. ते खरे नाही. यादी लिहायला तुमची गरज नव्हती. मला ते काम माझ्या हाताने झालेले हवे होते. एवढेच.

सुट्टीत थांबवलेले तुमचे प्लेबुक पाचमीच्या पहाटे ठरल्याप्रमाणे पुन्हा चालले. त्याने चाळीस यंत्रे पाहिली. एका दाराचा पत्ता यादीत नव्हता. त्याने ते दार बंद केले. त्याचे कामच ते होते.

मुहूर्ताला दुकानात नातेवाईक, दलाल, भटजी, सगळे जमलेले. नारळ फुटला आणि बिल निघेना. शेठचा मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. दहा मिनिटांत मी दार पुन्हा उघडले, पण मुहूर्त टळून गेला होता. पहिले बिल व्यापाऱ्याने कागदावर हाताने लिहिले होते.

“काका, तमे तो करी आप्युं हतुं ने?” शेठनी विचारले.

“हो. कालपर्यंत चालू होते,” मी म्हणालो.

“तो पछी आ ऑटोमेटिकनी ज भूल.”

म्हणजे चूक प्लेबुकची. मी फोन ठेवला.

तुम्ही परतीच्या गाडीत होतात. स्टेशनवरून घरी न जाता तुम्ही पिशवी घेऊन थेट कचेरीत आलात. शेठ उभे होते. दोन ऑपरेटर दाराशी होते. तुम्ही खुर्चीत बसलात, संगणक सुरू केलात आणि माझ्याकडे वळून विचारलेत, “नाना, नवा पत्ता यादीत लिहिला होता ना?”

“लिहिला होता,” मी म्हणालो.

यादीतल्या प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. कुणी केला, कधी केला, सर्व दिसते. ते तुम्हाला ठाऊक होते. तुम्हाला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होते. तुमचा हात कीबोर्डवर होता. तीन कळा दाबल्या असत्या तर माझे नाव तिथे नाही, हे शेठनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असते. तुम्ही हात काढून घेतलात.

“बरं,” तुम्ही म्हणालात. “मग माझ्या प्लेबुकने बंद केलं. मी बघते.”

शेठनी त्याच दिवशी घटनेची नोंद लिहून घेतली. कारण, स्वयंचलित प्लेबुक. जबाबदार, तुम्ही. प्लेबुक पुढची सूचना मिळेपर्यंत बंद. त्या चैत्रात मी निवृत्त होऊन विभाग तुमच्याकडे यायचा होता, ते एक वर्ष पुढे गेले. त्या खुर्चीत आणखी एक वर्ष मी बसलो. बाजारात त्या दिवसाला ‘कल्पनाबेनवाळी पांचम’ असे नाव पडले. दलाल ते हसत हसत म्हणत. तुम्हीही हसत असा. मी हसलो नाही, हे माझ्या बाजूने लिहिता येईल असे एकच वाक्य आहे, आणि त्याला फारसा अर्थ नाही.

आता जे लिहितो ते लिहायला मला संकोच वाटतो. ते वर्ष माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले होते.

प्लेबुक बंद, म्हणून दर शनिवारी चाळीस यंत्रांची फेरी आपण दोघे हाताने करू लागलो. खुर्च्या शेजारी शेजारी. वही मध्ये. मी पायरी वाचायची, तुम्ही करायची, मग पुढल्या यंत्रावर उलट. ही पायरी का, ती आधी का, असे तुम्ही प्रत्येक ठिकाणी विचारलेत. काहींचे कारण मी स्वतःच विसरलो होतो. दुपारी तुम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा काढत असा. पहिल्या शनिवारी मी माझा डबा वेगळा उघडला. दुसऱ्या शनिवारी तुम्ही न विचारता अर्धी भाकरी माझ्या डब्यात ठेवलीत.

“तिखट आहे,” मी म्हणालो.

“मग पाणी प्या.”

“तुम्हाला ही फेरी म्हणजे शिक्षा आहे. तुम्ही सहलीला आल्यासारख्या वागता.”

“शिक्षा शेठनी दिली, नाना. तुमची वही मात्र मला फुकटात मिळाली.”

वही तुम्ही घरी नेऊन उतरवून घेत होतात, हे मला पुढे कळले. एकेका पानाचे तुम्ही प्लेबुक करत होतात. पुढच्या दिवाळीच्या आधी तुम्ही शेठना बोलावलेत, त्यांच्यासमोर आज्ञा दिलीत, आणि पडद्यावर मजकूर आला. अमुक यंत्रावर अमुक बदल यादीत नाही, तो तसाच ठेवू की काढू, आणि उत्तर देणाऱ्याचे नाव लिहावे. शेठनी चष्मा लावून वाचले.

“आ तो पूछे छे!”

“हां शेठ. हवे पूछे छे.”

माझी मागणी तुम्ही मान्य केलीत. इतकी वर्षे भांडून मला जे मिळाले नव्हते, ते तुम्ही एका ओळीने दिलेत. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाहीत. शेठ खूश झाले, प्लेबुके सुरू झाली, चैत्रात मी निवृत्त झालो. त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्लागार म्हणून येत राहिलो. सल्ला कुणी फारसा मागत नसे.

खरे सांगण्याची संधी मला अनेकदा मिळाली. एका मंगळवारी तुम्ही आणि मी दोघेच होतो. मी म्हणालो, “कल्पनाबाई, त्या पाचमीचे...” तुम्ही पडद्यावरून नजर न काढता म्हणालात, “राहू द्या, नाना. व्हई गे.” झाले गेले. मी ते सोयीस्कर मानले. तुम्ही मला गप्प केले नव्हते. तुम्ही फक्त दार लोटले होते. पुन्हा ढकलले असते तर उघडले असते.

तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी शेठचा फोन आला. “काका, बेन नथी. हवे आ बधुं कोण जोशे?” आता हे सगळे पाहायचे कुणी, म्हणून मी गेलो. तुमची प्लेबुके मी पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. दोन दिवस लागले. तुम्ही प्रत्येक भागाच्या डोक्यावर मराठीत टीप लिहून ठेवली आहे. यंत्र त्या ओळी वाचत नाही. त्या पुढच्या माणसासाठी असतात. ‘ही पायरी आधीच का, याचे कारण नानांनाही आठवत नाही; तरी काढू नये.’ ‘शेठ महिनाअखेर घाई करतील, ऐकू नये.’ अशा पुष्कळ. आणि जिथे प्लेबुक थांबून विचारते, तिथे लिहिले आहे, ‘यादीत नसलेला बदल सापडला तर लगेच पुसू नये. एखाद्याने चांगल्या हेतूने हाताने केलेला असू शकतो.’

‘चांगल्या हेतूने’ हे चूक आहे. तुम्ही ते नकळत लिहिले नसेल. ती टीप मी बदललेली नाही. तो तुमचा मजकूर आहे.

तेराव्यानंतर कचेरीत तुमच्यासाठी बैठक झाली. टेबले बाजूला सारून पांढरी चादर अंथरली होती. तुमचे यजमान आणि तुमच्या आई पुढे बसले होते. तुमच्या आईंनी सबंध वेळ पदराचे टोक मुठीत धरले होते. शेठ चांगले बोलले. तुमचे कष्ट, तुमचा स्वभाव, तुमचे हसणे, सगळ्याविषयी बोलले. शेवटी म्हणाले की माणूस कितीही हुशार असला तरी एखादी चूक होतेच. आमच्या कल्पनाबेनची एकच चूक, ती लाभपाचमीची. पण ती इतकी गोड बाई की त्यावर बाजारही हसला. लोक हळूच हसले. तुमचे यजमान खाली पाहत राहिले.

मी उभा राहिलो. मला बोलण्याचा सराव नाही. मी म्हणालो, “ती चूक त्यांची नव्हती. पत्ता मी यादीत लिहिला नाही. दार मी हाताने उघडले होते. त्यांनी मला विचारले तेव्हा मी खोटे बोललो. ठपका त्यांनी घेतला आणि खुर्ची एक वर्ष मी ठेवली.”

शेठनी हात हलवून सोडून द्यायला सांगितले, “जवा दो काका, हवे शुं. बेन तो गयां.”

“नोंद दुरुस्त करा,” मी म्हणालो. “कंपनीच्या दप्तरात जबाबदार म्हणून त्यांचे नाव आहे. ते काढून माझे घाला. आज. ह्या लोकांसमोर.”

शेठनी ऑपरेटरला खूण केली. नोंद उघडली. तुमचे नाव निघाले. माझे नाव मी सांगितले, तसे त्याने टंकले. खाली दुरुस्तीचे कारण विचारले होते. मी सांगितले, “आधीचे विधान खोटे होते, असे लिहा.” त्याने लिहिले.

निघताना मी तुमच्या आईंसमोर हात जोडून उभा राहिलो. क्षमा मागायची होती. कोणत्या शब्दांत, ते ठरवले नव्हते. त्यांनीच माझे जोडलेले हात धरले आणि खाली केले.

“तिनी आमले तव्हयच सांगेल व्हतं, नाना,” त्या म्हणाल्या. “घरमा समदासले माहीत शे. ‘नाना चुकनात,’ म्हने. ‘पन चार लोकसमा त्यासनी मान खाले कसाले घालानी?’”

त्या पाचमीनंतर तीन दिवाळ्यांना, तुम्ही गावाहून परतल्यावर, मी तुमच्या घरी फराळाला आलो. तुमच्या आई, तुमचे यजमान, तुमच्या दोन्ही मुली, सर्वांना ठाऊक होते. वाढताना एकाचाही हात आखडला नव्हता.